दहातले नऊ धंदे वर्षात बुडतात? खुलासा

नाशिकमध्ये कुणी नोकरी सोडून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत शेड भाड्याने घेतली, की घरातलं कुणीतरी ऐकवतंच: 'दहातले नऊ धंदे पहिल्याच वर्षी बुडतात.' आकडा चुकीचा आहे. अमेरिकेच्या सरकारी नोंदींनुसार पहिल्या वर्षात साधारण २० टक्के नवे व्यवसाय बंद होतात. निम्मे पाच वर्षांनंतरही चालू असतात. हे आकडे तिकडचे, पण नव्वदचा दावा तिथेही टिकत नाही. शिवाय बंद झाला म्हणजे बुडालाच असं नाही. कुणी विकतो, कुणी निवृत्त होतो.

चिवटपणा बघायचा तर नाशिकचा सराफ बाजार बघा. २०१६ आणि २०१९ मध्ये गोदावरीचं पाणी शिरलं. गाळ उपसून दुकानं पुन्हा उघडली.

कामातला आनंद खरा आटतो तो उधारीत. जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपनीसाठी करून दिलेल्या कामाचं बिल तीन-तीन महिने अडकतं आणि मालक संकोचाने गप्प बसतो. संकोच कसला? उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. दाद याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे मागता येते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला मात्र ही तरतूद लागू नाही.