जिब बाहेर काढण्याआधी हे वाचा

जिब म्हणजे कॅमेरा अलगद वर-खाली नेणारा, ट्रायपॉडवर बसवायचा लांब दांडा. हे माहितीपत्रक त्याच्या पिशवीतच ठेवलंय. जिब भाड्याने नेला असेल तर परत देताना कागदही पिशवीत असू द्या. विकत घेतला असेल तर तो तुमचाच. शूटिंगच्या आदल्या दिवशी वाचलंत तर ऐन मांडवातून आम्हाला फोन करायची वेळ बहुतेक येणार नाही.

आमचा जिब साधा आहे. दोन अ‍ॅल्युमिनियमचे पाइप, मध्ये बेअरिंगचा सांधा, पुढे कॅमेऱ्याची प्लेट आणि मागे वजनाचा दांडा. मोटर नाही, रिमोट नाही. कोल्हापुरातच, उद्यमनगरातल्या लेथवर पार्ट काढून आम्ही तो जुळवतो. शंभर वर्षांपूर्वी मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा बनवला होता. त्यामानाने आमचं काम म्हणजे दोन पाइप आणि एक सांधा, त्याची फुशारकी काय मारायची! पण एक गोष्ट अनुभवाने सांगतो. शॉट लोण्यासारखा येणं किंवा न येणं हे जिबच्या किमतीवर फारसं ठरत नाही. ते बॅलन्सवर ठरतं आणि खालच्या ट्रायपॉडवर ठरतं. महागड्या जिबवर हिसके खाल्लेले शॉट आम्ही पाहिलेत.

बॅलन्स

बागेतला सी-सॉ आठवा. जाड मुलगा मध्याजवळ सरकला की टोकावरचा लुकडा त्याला उचलतो. इथे लुकडा म्हणजे तुमचा कॅमेरा. सांध्यापासून कॅमेरा १५० सेंटिमीटरवर आणि वजनाचा दांडा ५० सेंटिमीटरवर आहे. म्हणजे पुढे जेवढं वजन, त्याच्या तिप्पट मागे हवं. कॅमेरा, लेन्स, हेड (कॅमेरा ज्यावर फिरतो ते) आणि छोटा मॉनिटर मिळून २ किलो झाले तर मागे ६ किलो. शिवाय पुढचा पाइप लांब असल्याने त्याचं स्वतःचं वजनही पुढे ओढतं, त्यासाठी साधारण दीड किलो जादा. झाले साडेसात.

मागच्या एक इंची दांड्यावर जिमच्या प्लेट बसतात. त्या जवळपास कुठेही मिळतात, म्हणून आम्ही वेगळी वजनं विकत नाही. शेवटचा पाव-अर्धा किलो जुळवायला प्लेट दांड्यावर थोडी पुढे-मागे सरकवा आणि क्लॅम्प आवळा. प्लेट नाही म्हणून दोरीने वाळूची पिशवी टांगू नका. पिशवी झोका घेते, तो झोका कॅमेऱ्यापर्यंत पोचतो आणि घरी जाऊन एडिटला बसल्यावरच कळतो.

बॅलन्स झाला की नाही ते असं बघायचं: जिब आडवा करून हात सोडा. मग थोडा वर नेऊन सोडा, मग खाली. तिन्ही ठिकाणी तो आहे तिथेच थांबला पाहिजे. पुढे कलत असेल तर वजन वाढवा, कॅमेरा आपोआप वर चढत असेल तर कमी करा. सांध्याची घर्षणाची नॉब कच्चून आवळली की जिब थांबतो, पण तो बॅलन्स नव्हे. अशा जिबला हलवायला जोर लागतो, आणि जोर लावला की सुरुवातीचा हिसका आलाच. आधी नॉब पूर्ण सैल करून बॅलन्स साधा, मग हाताला जेवढी हवी तेवढीच आवळा.

लेन्स बदलली की बॅलन्सही बदलतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि मुहूर्ताच्या घाईत सगळे विसरतात.

खालचा ट्रायपॉड

आता बेरीज करा. कॅमेऱ्याकडचे २, वजनं साडेसात, जिब स्वतः साडेचार. १४ किलो झाले. फोटोसाठी घेतलेला हलका ट्रायपॉड ५ किलो पेलणारा असतो, त्यावर १४ किलो ठेवायचे आणि वर ते फिरवायचे? पाय वाकतो, मधली काठी हलते, आणि एखाद दिवशी सगळंच आडवं होतं. जिबवर पैसे वाचवा, ट्रायपॉडवर वाचवू नका. ज्यांच्याकडे जड ट्रायपॉड नाही त्यांना आम्ही नुसता जिब भाड्याने देत नाही. भांडण झालं तरी देत नाही.

ट्रायपॉडचा एक पाय कॅमेरा ज्या बाजूला असेल त्या दिशेला ठेवा. मधली काठी वर काढू नका. ट्रायपॉडवरचा पातळी दाखवणारा बुडबुडा बघून लेव्हल करा, नाहीतर पॅन करताना (आडवं फिरवताना) क्षितिज तिरकं होत जातं आणि जिब उताराकडे आपोआप सरकतो. लॉनवर किंवा शेतात पायांखाली फळकुटं घाला.

जोडायचा आणि उतरवायचा क्रम

जोडताना आधी कॅमेरा, मग वजनं. उतरवताना आधी वजनं, मग कॅमेरा.

हे एवढं वाक्य आम्ही पाइपवर लाल अक्षरांत लिहून चिकटवलंय, त्याला कारण आहे. आमच्याच पोराने एका लग्नात काम संपल्याच्या आनंदात आधी कॅमेरा सोडवला. कॅमेरा हातात आला, पण मागची वजनं धाडकन खाली आली आणि पुढचं टोक वर जाऊन मांडवाची झालर फाडून बसलं. खाली कुणी उभं नव्हतं हे नशीब. झालरीचे पैसे आम्ही भरले. दोघांनी मिळून काम करा: एकाने पुढचं टोक धरायचं, दुसऱ्याने प्लेट काढायच्या. शेवटची प्लेट निघेपर्यंत पुढच्याने हात सोडायचा नाही.

शॉट घेताना

हा जिब ४५ अंश खाली आणि ४५ अंश वर नेला तर कॅमेरा सुमारे २ मीटर १० सेंटिमीटर उचलला जातो. मात्र तो सरळ रेषेत जात नाही, कमानीत जातो. आडव्या स्थितीतून टोकाला जाताना कॅमेरा जवळपास ४४ सेंटिमीटर मागे येतो. बहुतेकांचा फोकस इथेच जातो. शॉट चालू असताना फोकस बदलत राहायला (फोकस ओढायला) वेगळा माणूस नसेल तर वाइड लेन्स लावा आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) लहान करा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ एमएम लेन्स, एफ ५.६ आणि फोकस साडेतीन मीटरवर ठेवला तर पावणेदोन-दोन मीटरपासून लांबपर्यंत सगळं स्पष्ट दिसतं. ऑटोफोकस बंद. ५० एमएमवर एफ १.८ उघडून जिब मारायचा मोह आवरा.

शटर १/५०, फ्रेम रेट २५. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने हॉलच्या ट्यूबलाइटखाली लुकलुक त्यानेच कमी होते. हात अजून बसला नसेल तर ५० फ्रेमवर, शटर १/१०० ठेवून घ्या आणि एडिटमध्ये निम्म्या वेगाने चालवा. बारीक थरथर बरीच झाकली जाते. ही लबाडी आहे, पण चालते. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (थरथर रोखणारी सोय) आम्ही बंद ठेवतो, कारण हालचाल सुरू होताना आणि थांबताना ते कॅमेऱ्याला उलटं ओढू बघतं.

मागे उभं राहून दांडा दोन्ही हातांनी हलकाच धरा. मनगटाने ढकलू नका, गुडघे वाकवून अंग खाली-वर न्या. सुरू करण्याआधी पाच सेकंद स्थिर, संपल्यावर पाच सेकंद स्थिर. एडिट करणारा तुम्हाला दुवा देईल. वेग तुम्हाला वाटतो त्याच्या निम्मा ठेवा.

आणि जवळ काहीतरी असू द्या. नवे लोक रिकाम्या मैदानात जिब वर नेतात आणि म्हणतात, कॅमेरा हललाच नाही. हलला होता, पण जवळची वस्तू सरकली नाही तर डोळ्याला उंची कळत नाही. पंचगंगेच्या घाटावर एखाद्या दगडी दीपमाळेच्या मागून सुरू करा आणि वर जाऊन नदी उघडा. वाड्यात तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यापासून उठा. लग्नात आमचा आवडता शॉट एकच: समईच्या ज्योतीजवळून सुरुवात, मंगलाष्टकं संपता संपता वर, आणि अंतरपाट सरकतो तेव्हा दोघं फ्रेममध्ये. हा शॉट एकदाच मिळतो, म्हणून आदल्या रात्री रिकाम्या स्टेजवर चार वेळा करून बघा. बाकी लग्नभर जिब फिरवत बसू नका. पुढच्या रांगेतल्या आजींना नवरा-नवरी दिसली पाहिजेत, तुमचा पाइप नव्हे.

जिब वर जाताना कॅमेरा सरळच बघत राहतो, कारण दोन पाइप समांतर आहेत. तुम्हाला वर जाता जाता खाली बघायचं असेल तर मागची पिन शेवटच्या भोकात घाला, कॅमेरा हळूहळू खाली वाकेल.

सांभाळून

पाइप अ‍ॅल्युमिनियमचा आहे, विजेच्या तारेला लागला तर करंट थेट तुमच्या हातात. उघड्यावर आधी वर बघा. हॉलमध्ये पंखे आणि झुंबरं बघा. लहान मुलं पाइपखालून पळणारच, म्हणून मागे-पुढे दोन खुर्च्या आडव्या लावा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या गडांवर ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, ती काढूनच जिब गाडीत टाका.

ड्रोन असताना जिब कशाला, असं विचारतात. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला नोंदणी लागते, छताखाली तो कामाचा नाही आणि मंगलाष्टकांवर त्याची घरघर कुणी खपवून घेणार नाही. गिंबल (हातात धरून कॅमेरा स्थिर ठेवणारं मोटरचं यंत्र) मात्र घ्या. चालता शॉट गिंबलचाच. फक्त जमिनीपासून डोक्याच्या वर सरळ उचलायला लागलं की हात थकतो आणि शॉटमध्ये ते दिसतं.

महिन्यातून एखादंच काम असेल तर विकत घेऊ नका, भाड्याने न्या. आम्हाला यात तोटाच आहे, पण घरी गंजत पडलेल्या वस्तूची जाहिरात कुणी करत नाही.

सांध्यातल्या नायलॉनच्या चकत्यांना तेल लावू नका, त्यांच्या घर्षणावरच हाताची पकड आहे. धूळ कोरड्या फडक्याने पुसा. दर दोन-तीन कामांनंतर १३ नंबरच्या पान्याने नट तपासा. पान्यासकट आठ बोल्ट आणि दोन पिना पिशवीत असतात. परत देताना मोजून द्या, आम्हीही तुमच्यासमोरच मोजू.