फुटलेल्या कर्करोगाच्या गाठीची शस्त्रक्रियेपूर्वीची निगा

कर्करोगाची गाठ वाढत वाढत त्वचा फोडून बाहेर आली की तिथे उघडी जखम होते. 'गाठ फुटली' असे लोक म्हणतात ते हेच. स्तन, गाल, जबडा आणि मानेच्या गाठींत ही जखम जास्त आढळते. गाठीच्या वाढीला रक्तपुरवठा पुरत नाही, आतले मांस मरते आणि त्यात प्राणवायूविना जगणारे जिवाणू माजतात. दुर्गंधी येते ती त्यांच्यामुळे, अस्वच्छतेमुळे नव्हे. हे रुग्णाला सर्वांत आधी सांगायला हवे, कारण वासाच्या लाजेने कित्येक बायका महिनोनमहिने जखम पदराआड ठेवतात आणि गाठ तेवढी वाढत राहते.

नुसत्या मलमपट्टीने ही जखम भरत नाही. स्तनाच्या कर्करोगात त्वचेवर अशी उघडी जखम झाली की बहुधा आधी केमो (कर्करोगाच्या पेशी मारणारी औषधे) आणि मग शस्त्रक्रिया, असा क्रम असतो. तोवरचे काही महिने जखम सांभाळायची असते.

ड्रेसिंग ओढून काढू नये. सलाईनने, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्याने, भिजवून, सैल झाल्यावर अलगद उचलावे. जखम सलाईननेच धुवावी. वासावर मेट्रोनिडाझोल हे त्या जिवाणूंना मारणारे औषध गुणकारी ठरते, जेल म्हणून किंवा डॉक्टरांनी सांगितल्यास गोळीची पूड करून जखमेवर. त्यावर न चिकटणारी जाळी आणि वर जाड पॅड. हळद, राख, पाल्याचा लेप यांतले काहीही लावू नये. शहापूर-मुरबाडकडून ठाण्याला येऊन ट्रान्स-हार्बर लोकलने खारघरच्या ॲक्ट्रेकला, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरच्या केंद्रात, जाणाऱ्याने निघण्याआधी ड्रेसिंग बदलावे आणि एक जादा संच पिशवीत ठेवावा. पावसाळ्यातल्या दमट हवेत पॅड लवकर ओला होतो, माश्याही बसतात. अळ्या पडल्या तर घरी टर्पेंटाइन ओतू नये. विशेषतः तोंडाच्या जखमेत अळ्या काढायचे काम रुग्णालयातच व्हावे.

रक्त आले तर स्वच्छ गॉज दहा-पंधरा मिनिटे न उचलता दाबून धरावा. वारंवार येत असेल तर ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव थांबवणारे औषध किंवा रेडिओथेरपी (किरणोपचार) देतात. मानेची जखम भळभळू लागली तर एक मिनिटही न थांबता रुग्णालय गाठावे.

झिरपत्या जखमेतून प्रथिने आणि रक्त जाते. म्हणून शस्त्रक्रियेआधी हिमोग्लोबिन, साखर आणि आहार यांकडे लक्ष देतात. शस्त्रक्रियागृहात जखम आधी निर्जंतुक आवरणाने झाकतात, म्हणजे तिच्यातले जंतू आणि पेशी नव्या छेदात उतरत नाहीत. गाठ निघाल्यावर राहिलेली मोठी पोकळी मांडीची त्वचा किंवा छातीचा स्नायू लावून भरतात.