दक्षिणेत बर्फ पडेल का?

२४ जानेवारी २००० हा सोमवार होता. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात लोक नेहमीसारखे कामाला गेले. वादळ समुद्रावरूनच निघून जाईल, शहरात पडलाच तर थोडाफार बर्फ भुरभुरेल, असा संगणकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात रात्रभर बर्फ पडत राहिला. तो थांबला तेव्हा विमानतळावरची नोंद होती २०.३ इंच, म्हणजे अर्ध्या मीटरच्याही वर. रॅलीचा हा आजही न मोडलेला विक्रम आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेत हवामानाचा नाद लागलेल्या माणसांना ही तारीख पाठ असते. जानेवारीत दहा दिवस पुढचा नकाशा उघडून ते जागत बसतात, त्यामागे अशा काही तारखांचा इतिहास आहे. अटलांटा, शार्लट, रॅली, ह्यूस्टन इथे आता मराठी घरेही भरपूर आहेत. उद्या शाळा भरेल का, दूध आजच आणून ठेवावे का, हे प्रश्न त्यांच्याही स्वयंपाकघरात पोचले आहेत.

उत्तरेत, बफेलो किंवा बोस्टनला, हिवाळ्यात विचारतात ते ‘किती पडेल?’ दक्षिणेत आधी ‘पडेल का?’ हेच ठरत नाही. अटलांटात वर्षाकाठी सरासरी दोन-अडीच इंच बर्फ पडतो, आणि कित्येक हिवाळे कोरडेच जातात. बर्फासाठी दोन पाहुण्यांनी एकाच वेळी यावे लागते: कॅनडातून उतरलेली थंडी आणि मेक्सिकोच्या आखातावरून आलेली वाफ. थंडी आधी आली आणि वाफ मागे राहिली, तर नुसते कोरडे गारठलेले आकाश. वाफ आली आणि तोवर थंडी सटकली, तर पाऊस. हा मेळ क्वचित जमतो, आणि जमला तरी एक-दोन अंशांनी बिघडतो.

त्यात अ‍ॅपलाचियन डोंगर आपली भर घालतात. सह्याद्री पावसाळी वारा अडवतो, तसे हे डोंगर थंड हवा अडवून धरतात. ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडवर मोठा वायुदाब बसला की जड, गार हवा डोंगराच्या पूर्वेच्या अंगाने खाली सरकत कॅरोलायनांत आणि थेट उत्तर जॉर्जियापर्यंत पाचरीसारखी घुसते. तिथले लोक तिला पाचरच म्हणतात, ‘वेज’. जमिनीलगत ही गार पाचर आणि वर दीड-दोन किलोमीटरवर आखाताची उबदार हवा, अशी चळत लागली की वरून निघालेला बर्फ वाटेत वितळतो. खाली येताना पुन्हा गोठला तर खिडकीवर तडतड आवाज करणारे बर्फाचे कण पडतात. गोठायला वेळ मिळाला नाही, तर पाणी फांदीला, तारेला, पायरीला लागते आणि तिथेच काच होऊन बसते. हा गोठणारा पाऊस सर्वांत वाईट. डिसेंबर २००२ मध्ये कॅरोलायनांत याच पावसाने झाडे तारांवर आडवी केली आणि लाखो घरांची वीज गेली. म्हणून जाणकार माणूस नकाशात बर्फाचा निळा रंग बघण्याआधी त्या उबदार थराचे तापमान बघतो.

जुन्या पिढ्यांना हे आधी कळण्याचा मार्गच नव्हता. फेब्रुवारी १८९५ मध्ये ह्यूस्टनवर २० इंच बर्फ पडला. फेब्रुवारी १८९९ च्या लाटेत फ्लोरिडातल्या टॅलाहासीचा पारा उणे २ फॅरनहाइट, म्हणजे जवळपास उणे १९ सेल्सिअसपर्यंत उतरला, आणि मिसिसिपी नदीतून वाहत आलेले बर्फाचे तुकडे आखातात गेले. फेब्रुवारी १९७३ मध्ये जॉर्जियातल्या मेकनवर साडेसोळा इंच पडला. हे आकडे आपल्याला मिळाले ते मुख्यतः नोंदी ठेवणाऱ्या साध्या माणसांमुळे. १८९० पासून सरकारी हवामान खात्यासाठी शेतकरी, शिक्षक, दुकानदार असे स्वयंसेवक रोज पाऊस आणि तापमान टिपत आले आहेत. आजच्या हौशी मंडळींचे खरे पूर्वज हेच, असे मला वाटते.

मग आला मार्च १९९३. आखातात कमी दाबाचा पट्टा खोल होत जाईल आणि पूर्व किनाऱ्यावर विलक्षण वादळ येईल, हे हवामान खात्याने सुमारे पाच दिवस आधी सांगितले. इतक्या मोठ्या वादळाचा इतका आधी दिलेला इशारा तोवर कोणी ऐकला नव्हता. मार्चच्या मध्यावर, वसंत तोंडावर आलेला असताना, दक्षिणेत अनेकांना तो पटलाही नाही. १२ ते १४ मार्चच्या वादळात अलाबामातल्या बर्मिंगहॅमवर १३ इंच बर्फ पडला, टेनेसीतल्या माउंट लेकाँटवर ५६ इंच. त्या वेळच्या कित्येक शाळकरी मुलांना हवामानाचे वेड लागले ते तिथून. संगणक खरे बोलू शकतो, हे त्यांनी अंगणात उभे राहून पाहिले होते.

सात वर्षांनी रॅलीने उलटा धडा दिला. वादळाआधी अलाबामा-जॉर्जियात पडलेला पाऊस अंदाज काढणाऱ्या संगणकी प्रारूपांनी नीट धरला नाही. त्या पावसातून सुटलेल्या उष्णतेने वरचे वारे बदलले आणि ओलावा जमिनीकडे ओढला गेला. सुरुवातीची छोटी चूक शेवटी वीस इंचांची झाली.

यावर उपाय डिसेंबर १९९२ पासूनच रुजू झाला होता: एकच अंदाज न काढता सुरुवातीची स्थिती किंचित बदलून अनेक अंदाज काढायचे. युरोपीय हवामान-अंदाज केंद्राच्या अशा संचात ५१ अंदाज असतात. त्यांतल्या चाळिसांत शार्लटवर बर्फ दिसला तर बोलण्यासारखे काही आहे. सहांत दिसला तर फक्त लक्ष ठेवायचे. एकाच नकाशातला पंधरा इंचांचा आकडा उचलून गावभर पसरवणारे आजही आहेत, आणि त्यांच्यामुळे लोकांचा विश्वास उडतो. पण मनापासून अभ्यास करणारा माणूस आकडा न सांगता शक्यता सांगतो. हे त्याला पोळल्यावर आलेले शहाणपण आहे.

त्याची रात्रही या अंदाजांच्या वेळापत्रकावर चालते. जीएफएस या अमेरिकी प्रारूपाचा अंदाज रात्री साडेदहाच्या सुमारास उतरू लागतो, युरोपीय मध्यरात्रीनंतर. वादळाचे बीज तेव्हा बहुधा पॅसिफिकवर असते, जिथे हवा मोजणारे फुगे सोडणारी केंद्रे फार थोडी आहेत; ते किनाऱ्याला लागेपर्यंत अंदाज डोलत राहतो. जीएफएसचा तोच अंदाज येतो तेव्हा आपल्याकडे सकाळचे नऊ वाजलेले असतात, आणि जूनमध्ये मॉन्सून कुठवर आला ते पाहणारे आपले हौशी अभ्यासक तेच नकाशे उघडतात. दोघांची नजर ज्या एमजेओवर असते तोही एकच: हिंदी महासागरातून पूर्वेला सरकणारा ढगांचा पट्टा. मॅडन आणि ज्युलियन यांनी तो १९७१ मध्ये दाखवून दिला.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे २८ जानेवारी २०१४ ला अटलांटात दिसले. बर्फ जेमतेम अडीच इंच. वादळाचा पक्का इशारा पहाटे आला, तोवर दिवसाची आखणी झालेली. दुपारी भुरभुर सुरू होताच शाळा, कचेऱ्या, दुकाने एकदम सुटली आणि सारे शहर एकाच वेळी रस्त्यावर आले. चाकांखाली वितळलेला बर्फ लगेच पुन्हा गोठला. मीठ टाकणारे ट्रकही त्याच कोंडीत अडकले. मुले रात्रभर शाळांत राहिली, काही तर बसमध्येच. अडीच इंचांची शक्यता आदल्या संध्याकाळी ठासून सांगितली गेली असती तर? हा प्रश्न तिथले हवामानवेडे अजून विचारतात, आणि तो विचारायलाच हवा.

२१ जानेवारी २०२५ ला उत्तर वेगळे मिळाले. काही दिवस आधीपासून संच एका दिशेने बोलत होते. लुइझियानातल्या लेक चार्ल्स कार्यालयाने आखाती किनाऱ्यासाठी इतिहासात पहिल्यांदाच हिमवादळाचा इशारा दिला. न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर आठ इंच बर्फ मोजला गेला.

बर्फ मोजायची रीत मात्र जुनीच आहे: मोकळ्या जागी पांढरी रंगवलेली फळी, तिच्यावर उभी धरलेली पट्टी, आणि इंचाच्या दहाव्या भागापर्यंत वाचन. फ्लोरिडाचा विक्रम मार्च १९५४ पासून मिल्टन गावाच्या नावावर होता, चार इंचांचा. जवळजवळ ७१ वर्षांनी तो मोडला तोही मिल्टनमध्येच. या वेळी पट्टीवर ९.८ इंच भरले.