एनोड निगेटिव्ह कसा? सेल आणि बॅटरीमागची पार्श्वभूमी

लिथियम बॅटरीबद्दल काहीही वाचायला घेतलं की लगेच एनोड-कॅथोड, म्हणजे बॅटरीची दोन टोकं, येतात, आणि शाळेत धनाग्र-ऋणाग्र पाठ केलेल्या माणसाची गाडी तिथेच अडते. कारण पुस्तकात एनोड म्हणजे धनाग्र होतं आणि इथे सरळ लिहिलेलं असतं की एनोड निगेटिव्ह. ही काही छपाईची चूक नाही, गुंता पार 1834 पासूनचा आहे.

त्याआधीचं थोडक्यात. 1800 साली इटलीत जस्त आणि चांदीच्या चकत्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चवड रचली आणि पहिल्यांदाच सलग वाहणारा करंट मिळाला. वीज येते कुठून यावर मात्र पुढे कित्येक दशकं भांडण चाललं. चवड रचणाऱ्याचं म्हणणं, दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की वीज होते, पुठ्ठ्याचं काम फक्त करंट पुढे नेण्याचं. दुसरी बाजू विचारायची, मग जस्त झिजतंय ते काय उगाच? दुसरी बाजू बरोबर निघाली. जस्त इलेक्ट्रॉन सोडतं आणि स्वतः आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, होऊन द्रावणात उतरतं, इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून दुसऱ्या टोकाला पोचतात, आत आयन सरकून हिशोब पुरा करतात. बाकी सगळे सेल याच गोष्टीच्या आवृत्त्या.

आता तो शब्द. 1834 मध्ये लंडनमधला एक प्रयोगकर्ता विद्युत अपघटनावर, म्हणजे द्रावणातून वीज सोडून त्यातला पदार्थ फोडण्यावर, काम करत होता आणि त्याला अशी नावं हवी होती जी वीज म्हणजे नक्की काय याच्या कुठल्याच थिअरीवर अवलंबून नसतील. आधी पूर्वेचं टोक, पश्चिमेचं टोक असाही विचार झाला, मग एका ग्रीक जाणणाऱ्या विद्वानाच्या सल्ल्याने 'वर जाणारी वाट' आणि 'खाली जाणारी वाट' अशा अर्थाचे एनोड आणि कॅथोड ठरले. व्याख्या अशी की करंट ज्या टोकातून द्रावणात शिरतो तो एनोड (करंटची दिशा इलेक्ट्रॉनच्या उलट धरतात). यात प्लस-मायनसचा उल्लेखच नाही! अपघटनात बाहेरची बॅटरी करंट ढकलते म्हणून शिरण्याचं टोक प्लसला जोडलेलं असतं, पण सेल स्वतः वीज देत असतो तेव्हा करंट द्रावणात शिरतो जस्ताकडून आणि जस्त असतं मायनस. म्हणजे मूळ व्याख्या दोन्हीकडे चोख बसते, आपण 'धनाग्र' असं भाषांतर करून तिची एकच बाजू गोठवून टाकली. इलेक्ट्रॉन सापडला 1897 मध्ये, त्यानंतर 'जिथे ऑक्सिडेशन होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडले जातात, तो एनोड' असं म्हणायला लागले, अर्थ तोच.

खरी पंचाईत चार्जिंगची. 1859 मध्ये शिसं आणि आम्लाची पुन्हा चार्ज होणारी बॅटरी आली. चार्ज करताना करंट उलटा वाहतो, म्हणजे व्याख्येनुसार एनोड-कॅथोडची अदलाबदल होते, प्लस-मायनस मात्र जागच्या जागी. शिशाच्या बॅटरीवाले शहाणे, ते पॉझिटिव्ह प्लेट, निगेटिव्ह प्लेट म्हणून मोकळे होतात.

लिथियमवाल्यांनी तसं केलं नाही. 1970 च्या दशकात एका बाजूला शुद्ध लिथियम धातू आणि दुसऱ्या बाजूला टायटॅनियम डायसल्फाइड असे सेल बनले, पण वारंवार चार्ज केल्यावर धातूला सुईसारखे काटे फुटायचे, ते पलीकडे पोचले की आतल्या आत शॉर्ट आणि आग. 1980 मध्ये डायसल्फाइडच्या जागी आलेल्या कोबाल्ट ऑक्साइडने 4 व्होल्टच्या आसपास मजल गाठली. 1985 च्या सुमाराला जपानमध्ये धातूच्या जागी पेट्रोलियम कोक, म्हणजे कार्बन, घातला आणि 1991 मध्ये माल बाजारात आला. यात धातूरूपातलं लिथियम कुठेच नाही, लिथियमचे आयन नुसते दोन घरांमधे ये-जा करतात. आणि या क्षेत्राने ठरवून टाकलं की कार्बनची बाजू कायम एनोड, चार्जिंग चालू असलं तरी. नेमकं बोलायचं तर अर्धा वेळ हे चूकच आहे. कारण सोयीचं, मान्य, पण नव्या वाचकाला त्याची कल्पना कुणीच देत नाही.

फ्युएल सेलमधे हा वादच नाही. कल्पना 1839 च्या आसपासची, हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेरून येत राहतात, वीज आणि पाणी मिळतं. चार्ज करायचा प्रश्न नाही त्यामुळे हायड्रोजनची बाजू कायम एनोड. एका सेलचा हिशोबातला व्होल्टेज 1.23, लोड टाकला की 0.7 च्या आसपास, म्हणून थप्पी लावावी लागते. शंभरेक वर्षं प्रयोगशाळेबाहेर फारसं कुणी विचारलं नाही, मग 1960 च्या दशकात अंतराळयानांवर वापर झाला आणि चांद्रयात्री त्यातलंच पाणी प्यायले.

आता तर 'एनोड-फ्री' बॅटऱ्यांवर काम चालू आहे. कारखान्यात जोडणी होताना निगेटिव्ह बाजूला फक्त तांब्याची फॉइल असते आणि पहिल्या चार्जिंगला तिच्यावर लिथियमचा थर चढतो. म्हणजे एनोड असतोच, फक्त पहिल्या चार्जिंगला जन्माला येतो, आणि जन्मताना तो व्याख्येनुसार कॅथोड असतो.