चष्मा लागला म्हणजे पायलट होता येत नाही?

‘चष्मा लागला की पायलट व्हायचं विसरा’ हा मेसेज दर बारावीच्या निकालाला सोलापुरात आमच्या गल्लीत फिरतो. शेजारची मुलगी अलास्कातल्या हिमनदीवर स्की लावलेलं विमान उतरवायचं म्हणते. नंबर लागला तशी गप्पच झाली.

समज अगदीच हवेतून आलेला नाही. लढाऊ वैमानिकांचे निकष खरंच कडक असतात. नागरी विमानांसाठी मात्र आंतरराष्ट्रीय निकष असा: प्रत्येक डोळ्याने ६/९ (निरोगी डोळ्याला ९ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून) आणि दोन्ही मिळून ६/६ (म्हणजे निरोगी नजर) दिसलं पाहिजे, आणि ते चष्मा लावून दिसलं तरी चालतं. जादा चष्मा तेवढा हाताशी ठेवायचा.

खात्री करायला सात रस्त्याजवळच्या कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे चष्मा लावून तक्ता वाचा. ओळीशेजारी ६/९ लिहिलेलं असतं. रंगांधळेपणा तपासणारे रंगीत ठिपक्यांतले आकडेही ओळखून बघा, खरी अडचण तिथे निघू शकते. मग वैमानिकांची अधिकृत वैद्यकीय तपासणी, तीही लाखांची फी भरण्याआधी!

बाकी हिमनदीवर ढगाळ उजेडात सावलीच पडत नाही. बर्फ किती खाली आहे हे ६/६वाल्यालाही कळत नाही. तिथे आधीच्या स्कीचे चरे आणि कडेचे काळे खडक बघत उतरतात.