पक्षपात वेगळा, पक्षपाताची शंका वेगळी

न्यायाधीशांनी फेसबुकवर काही केलं की वाद ठरलेला. एक गट म्हणतो, 'लाइक केलं, म्हणजे विकले गेले.' दुसरा म्हणतो, 'निकाल कायद्याला धरून आहे ना, मग पोटात का दुखतं?' घोळ दोघांचाही एकच: प्रत्यक्ष पक्षपात आणि पक्षपाताची शंका यांत ते फरकच करत नाहीत.

प्रत्यक्ष पक्षपात काय असतो ते सांगत बसत नाही. पैसा, नातं, जुनं वैर, सगळ्यांना कळतं. सिद्ध करणं अवघड, एवढंच.

पक्षपाताच्या वाजवी शंकेचं मात्र तसं नाही. तिथे न्यायाधीशांचं मन साफ होतं का, हा प्रश्नच नसतो. रणजित ठाकूर खटल्यात (1987) सुप्रीम कोर्टाने हे स्वच्छ सांगितलंय: 'मी पक्षपाती आहे का?' असं न्यायाधीशाने स्वतःला विचारून भागत नाही, समोरच्या पक्षकाराला काय वाटेल ते बघायचं.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधलं प्रकरण बघा. मुलाच्या ताब्याचा वाद, सुनावणी झालेली, निकाल बाकी. तेवढ्यात आईची फ्रेंड रिक्वेस्ट आली आणि न्यायाधीशांनी ती स्वीकारली. मग ती त्यांच्या पोस्ट लाइक करत राहिली. बापाच्या बाजूला कुणी कळवलं नाही. निकाल आईच्या बाजूने लागला. बोभाटा झाल्यावर न्यायाधीश म्हणाले, माझा निर्णय रिक्वेस्ट स्वीकारण्याआधीच ठरला होता. खरंही असेल! पण बापाच्या जागी बसून बघा ना. 2020 मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशांकडे पाठवलं. पहिले न्यायाधीश खरोखर झुकले होते, हे सिद्ध करायची गरजच पडली नाही. पक्षपाताचा गंभीर धोका पुरेसा ठरला.

आता 'वाजवी' या शब्दाकडे या, कारण पहिला गट तोच गिळतो. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ठरवलं की न्यायाधीश आणि वकील फेसबुकवर मित्र आहेत, एवढ्यावरून न्यायाधीशांना बाजूला करता येणार नाही. तेही 4 विरुद्ध 3 मतांनी, म्हणजे न्यायमूर्तींचंही एकमत नव्हतं. माझं मत बहुमताच्या बाजूने. यादीतलं नाव म्हणजे मैत्री नव्हे. पण निकाल राखून ठेवलेला असताना पक्षकाराची रिक्वेस्ट स्वीकारणं ही निव्वळ बेफिकिरी.

न्यायाधीशांनी सुनावणीतून माघार घेतली की 'बघा, चोराच्या मनात चांदणं' म्हणणाऱ्यांचा तर मला वीट आलाय. माघार शंकेपोटी घेतात, ती गुन्ह्याची कबुली नसते.

आणि प्रोफाइलवरची ती 'मतं वैयक्तिक आहेत, लाइक म्हणजे समर्थन नव्हे' ही ओळ? न्यायाधीशांच्या बाबतीत तिचा काडीचा उपयोग नाही. ती वाचून पक्षकाराची शंका फिटत नाही, उलट मत आहे एवढं मात्र पक्कं कळतं.