बंदर देखभाल कर व निधी (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सागरी व सरोवरी बंदरांच्या नौकामार्गांतील गाळ उपसणे, त्यांची ठरविलेली खोली व रुंदी टिकविणे आणि लाटरोधक बांध सुस्थितीत राखणे यांसाठी मालाच्या मूल्यावर आकारला जाणारा संघीय कर व त्या उत्पन्नाचा स्वतंत्र निधी. दोन्हींची स्थापना १९८६ च्या जलसंपत्ती विकास अधिनियमाने झाली. कराचा सध्याचा दर मूल्याच्या ०.१२५ टक्के, म्हणजे दहा लाख डॉलर किमतीच्या मालावर १,२५० डॉलर, इतका आहे. तो जहाजमालकाकडून नव्हे, तर मालाच्या आयातदाराकडून किंवा पाठविणाऱ्याकडून घेतला जातो. वसुली सीमाशुल्क खाते करते, प्रत्यक्ष काम लष्कराचे अभियंता दल स्वतःच्या गाळ उपसणाऱ्या जहाजांनी किंवा कंत्राटदारांमार्फत करते, आणि निधीतून दरवर्षी किती रक्कम काढावयाची हे अमेरिकन काँग्रेस ठरविते. धक्क्यालगत जहाज उभे राहते त्या भागातील गाळ या व्यवस्थेत येत नाही. तो काढण्याचा खर्च बंदर प्राधिकरणाने किंवा धक्का चालविणाऱ्या कंपनीने करावयाचा असतो.

बंदरांवरील संघीय खर्चाचा आरंभ कोणत्या वर्षापासून धरावा याविषयी एकमत नाही. काही लेखक तो ७ ऑगस्ट १७८९ च्या अधिनियमापर्यंत मागे नेतात. या अधिनियमाने दीपगृहे, खुणेचे तरंगक व सार्वजनिक धक्के यांच्या देखभालीचा भार संघीय तिजोरीने उचलला. तथापि त्यात नौकामार्गाच्या खोलीचा विचार नव्हता, त्यामुळे गाळउपशाच्या संदर्भात हे वर्ष फारसे उपयोगी पडत नाही. रूढ मत १८२४ च्या बाजूचे आहे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘गिबन्स विरुद्ध ऑग्डेन’ या खटल्यात आंतरराज्य व्यापाराच्या नियमनात नौकानयनाचाही समावेश होतो असा निर्णय दिला. त्यानंतर मे महिन्यात ओहायो व मिसिसिपी नद्यांतील वाळूचे दांडे व बुडालेली झाडे काढण्यासाठी ७५,००० डॉलरची, आणि पाठोपाठ ईअरी सरोवरावरील प्रेस्क आइल बंदराचा प्रवेशमार्ग खोल करण्यासाठी वेगळी तरतूद झाली. अनेक ठिकाणच्या कामांना एकत्र मंजुरी देणारा पहिला नदी व बंदर अधिनियम मात्र १८२६ चा असल्याने, शिस्तबद्ध खर्चाची सुरुवात तेथून मोजणारेही आहेत. संघीय खर्च म्हणून पाहता १८२४ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

कराच्या कल्पनेचे मूळ मात्र वेगळीकडे शोधावे लागते. राज्यघटनेनुसार काँग्रेसच्या संमतीवाचून राज्यांना जहाजांच्या टनभारावर शुल्क आकारता येत नाही. ऑगस्ट १७९० मध्ये काँग्रेसने मेरीलँड, जॉर्जिया व ऱ्होड आयलंड या राज्यांच्या अशा कायद्यांना संमती दिली. बंदराचा वापर करणाऱ्यानेच त्या बंदराच्या सफाईचा पैसा द्यावा, हे तत्त्व त्यात स्पष्ट दिसते. १९८६ च्या कराशी त्याचे नाते १८२४ च्या तरतुदींहून जवळचे आहे, याकडे सामान्यतः दुर्लक्ष होते.

एकोणिसाव्या शतकात हे तत्त्व मागे पडले. स्थानिक उपयोगाच्या कामांवर संघाने खर्च करावा काय, हा वाद दीर्घकाळ चालला. राष्ट्राध्यक्ष पोक यांनी १८४६ मध्ये नदी व बंदर विधेयक नाकारले. त्याच्या निषेधार्थ १८४७ मध्ये शिकागो येथे मोठी परिषद भरली. १८८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष आर्थर यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने तशाच स्वरूपाचे विधेयक संमत केले. त्याच अधिनियमात सरकारने सुधारलेल्या जलमार्गांवर पथकर आकारण्यास मनाई करण्यात आली. पुढे सुमारे शतकभर नौकामार्गांच्या देखभालीचा खर्च सर्वसाधारण महसुलातून होत राहिला.

१९८० च्या सुमारास कोळशाची निर्यात वाढली व अधिक खोल बंदरांची मागणी जोर धरू लागली, तेव्हा हा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. रेगन प्रशासनाने वापरकर्त्यांकडून खर्च वसूल करण्याचा आग्रह धरला, आणि त्यावरून निर्माण झालेल्या पेचामुळे १९७६ नंतर दहा वर्षे जलसंपत्तीविषयक व्यापक कायदाच होऊ शकला नाही. प्रत्येक बंदराने आपापल्या गाळाचा खर्च काढावा असे ठरविले असते, तर मिसिसिपीच्या मुखासारख्या सतत गाळ साठणाऱ्या ठिकाणी दर टनामागे मोठा बोजा पडला असता आणि सिअ‍ॅटलसारख्या निसर्गतः खोल बंदरांना जवळजवळ काहीच द्यावे लागले नसते. टनभारावर आकारणी केली असती, तर स्वस्त व जड अशा कोळसा व धान्याच्या व्यापाराला ती जाचक ठरली असती. अखेर देशभर एकच दर आणि तोही मूल्यावर, अशी तडजोड झाली. १९८७ पासून लागू झालेला मूळ दर ०.०४ टक्के होता व त्यातून देखभाल खर्चाचा फार तर ४० टक्के भाग भागवावयाचा होता. १९९० च्या कायद्याने तो तिपटीहून अधिक वाढवून १ जानेवारी १९९१ पासून ०.१२५ टक्के केला, आणि संपूर्ण खर्च निधीवर टाकण्याची मुभा दिली.

मूल्याचा हा आधारच पुढे न्यायालयात टिकला नाही. अमेरिकन राज्यघटना कोणत्याही राज्यातून निर्यात होणाऱ्या वस्तूंवर कर बसविण्यास मनाई करते. सरकारची भूमिका अशी होती की, ही आकारणी कर नसून सेवेचा मोबदला आहे, आणि तसा मोबदला निर्यातदाराकडून घेता येतो. १८७६ च्या ‘पेस विरुद्ध बर्जेस’ या निर्णयात निर्यातीच्या तंबाखूवरील मुद्रांकशुल्क याच कारणास्तव वैध ठरले होते. परंतु ते शुल्क मालाच्या किमतीवर अवलंबून नव्हते. ‘युनायटेड स्टेट्स शू कॉर्पोरेशन’च्या खटल्यात ३१ मार्च १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, तो न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी लिहिला. जहाजाचा आकार, त्याला लागणारी खोली, बंदरातील मुक्काम यांपैकी कशाशीही मालाच्या किमतीचा नियत संबंध नसतो. म्हणून ही आकारणी सेवेचा मोबदला न ठरता कर ठरते, असा त्याचा आशय आहे. निर्यातीवरील वसुली त्याच वर्षी थांबली व निर्यातदारांना परतावे द्यावे लागले. आयातीवरील कर कायम राहिल्याने तो आता आयातशुल्काचेच रूप झाला, असा आक्षेप घेतला जातो. युरोपीय समुदायाने फेब्रुवारी १९९८ मध्येच जागतिक व्यापार संघटनेकडे याविषयी सल्लामसलतीची मागणी केली होती.

निधी स्वतंत्र असला तरी त्यातील पैसा आपोआप खर्च होत नाही. वार्षिक तरतूद इतर ऐच्छिक खर्चाच्या (म्हणजे काँग्रेस दरवर्षी नव्याने मंजूर करते त्या खर्चाच्या) कमाल मर्यादेत मोजली जात असल्याने, बंदरांना अधिक पैसा देणे म्हणजे दुसऱ्या कामांचा कमी करणे असे समीकरण तयार झाले. परिणामी कर जमत गेला, नौकामार्गांत गाळ साठत गेला, आणि २०१० च्या दशकाअखेर कागदोपत्री शिल्लक सुमारे ९ अब्ज डॉलरवर गेली. २०१४ च्या कायद्याने खर्चाची उद्दिष्टे जमा कराच्या प्रमाणात २०१५ मधील ६७ टक्क्यांपासून २०२५ पर्यंत १०० टक्क्यांवर नेण्याचे ठरविले. पण ती बंधनकारक नव्हती. २०२० मध्ये निधीतील वार्षिक जमेइतकी रक्कम कमाल मर्यादेतून वगळण्यात आल्यावरच अडचण बऱ्याच अंशी दूर झाली.

वाटपाविषयीची तक्रार याहून जुनी आहे. लॉस एंजेलिस, लाँग बीच, सिअ‍ॅटल व टॅकोमा येथे मौल्यवान कंटेनरमालामुळे मोठा कर जमतो, परंतु त्यांना गाळउपशाची गरज अल्प असते. शिवाय कॅनडाच्या व्हँकूव्हर वा प्रिन्स रूपर्ट बंदरात उतरून रेल्वेने अमेरिकेत येणाऱ्या मालावर हा कर लागत नाही, ही वायव्येकडील बंदरांची विशेष तक्रार आहे. २०२० च्या जलसंपत्ती विकास अधिनियमाने अशा ‘दात्या’ व ऊर्जावाहतूक करणाऱ्या बंदरांसाठी १२ टक्के, पंचमहासरोवरांसाठी १३ टक्के आणि वर्षाला दहा लाख टनांहून कमी माल हाताळणाऱ्या लहान बंदरांसाठी किमान १५ टक्के वाटा राखून ठेवला. दात्या बंदरांना आपला वाटा धक्क्यालगतचा गाळ काढण्यासाठीही वापरता येतो.